ट्रेलर घेऊन युकॉन-अलास्का: पुण्याहून पहिल्यांदाच निघणाऱ्या जोडप्यांसाठी

बँफ झालं, नायगरा झाला, मुलाच्या घरी महिनाभर राहूनही झालं, की पुणेकरांचा पुढचा प्रश्न हल्ली ठरलेला असतो, ते वरचं कॅनडातलं युकॉन आणि अमेरिकेचं अलास्का गाडीने जमेल का हो आपल्याला? जमतं, गाडीमागे ट्रेलर म्हणजे चाकांवरचं छोटं घर ओढत नेऊन. पन्नाशी-साठीतल्या जोडप्यालाही जमतं, फक्त दोघांनाही गाडी चालवता यायला हवी आणि दोघांनाही हात घाण करायची तयारी हवी. एकटा नवरा सगळं करणार आणि बायको बाजूला बसून थर्मासमधला चहा देणार असला हिशोब असेल तर सरळ क्रूझ बुक करा, मी मनापासून सांगते.

आधी अंतरांची कल्पना घ्या म्हणजे पुढचं सगळं डोक्यात बसेल. अलास्का हायवे ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकला सुरू होतो आणि अलास्कात डेल्टा जंक्शनला संपतो, साधारण 2,200 किलोमीटर. 1942 साली पर्ल हार्बरनंतर अमेरिकन लष्कराने हा रस्ता काही महिन्यांत जंगलातून काढला. आणि गंमत म्हणजे डॉसन क्रीकला पोचायलाच एडमंटनहून जवळजवळ 600 किलोमीटर लागतात आणि व्हँकुव्हरहून त्याच्या दुप्पट. एकटा युकॉन प्रदेश महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आहे आणि लोकवस्ती सगळी मिळून पंचेचाळीस हजारांच्या आसपास, त्यातलेही बहुतेक जण व्हाइटहॉर्स या एका शहरात. म्हणजे उरलेल्या रस्त्यावर तुम्ही, झाडं आणि अस्वलं.

कागदपत्रं

कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा. अलास्कात शिरायचं तर अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो, जमिनीवरून जाताय म्हणून सूट नाही, आणि मुंबईच्या इंटरव्ह्यूची तारीख मिळायला किती वाट बघावी लागते हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, आर्क्टिक महासागर बघायला अमेरिकेचा व्हिसा लागत नाही. 2017 पासून कॅनडातल्या इनुविकहून टुक्टोयाक्टुक गावापर्यंत बारमाही रस्ता झालाय, तो थेट समुद्रावर जाऊन संपतो. तेव्हा अमेरिकेचा व्हिसा नसला म्हणून ट्रिप कॅन्सल करू नका, युकॉनचीच ट्रिप करा, ती काही कमी नाहीये.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट दोघांनीही काढा. अर्ज परिवहनच्या साइटवर करायचा, काम संगम पुलाजवळच्या आरटीओचं, फी 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स बरोबर ठेवायचंच, नुसत्या परमिटला अर्थ नाही. आणि भाड्याच्या करारात दोघांचीही नावं ड्रायव्हर म्हणून घाला, थोडे पैसे जास्त पडतात, द्या.

गाडी आणि ट्रेलर कुठून घ्यायचा

एअरपोर्टवर मिळते ती साधी भाड्याची कार किंवा एसयूव्ही ट्रेलर ओढायला चालत नाही, बहुतेक करारांत टोइंगला सरळ बंदी असते. म्हणून एक तर पिकअप आणि ट्रेलर दोन्ही भाड्याने देणारा शोधा, नाहीतर भाचा-पुतण्या-मुलगा कोणीतरी कॅलगरी-एडमंटनला असतोच आणि त्याच्या दारात पिकअप उभी असते. घरचा ट्रक घेतलात तर त्याच्या इन्शुरन्सवाल्याला तुमची नावं कळवायला सांगा आणि बॉर्डरसाठी मालकाची सही असलेलं परवानगीचं पत्र बरोबर ठेवा.

करार वाचताना तीन गोष्टी शोधायच्या. कच्च्या म्हणजे ग्रॅव्हल रस्त्यावर न्यायची परवानगी आहे का, अमेरिकेत न्यायची आहे का, आणि काच फुटली तर कोण भरणार. पुढच्या काचेला खडा लागून टवका उडणं हे तिकडे इतकं नेहमीचं आहे की स्थानिक लोकांच्या निम्म्या गाड्यांच्या काचा तडकलेल्या दिसतात.

मोटरहोम का नाही ट्रेलर का, असं सगळे विचारतात. माझं मत पक्कं आहे. मोटरहोममध्ये घर आणि गाडी एकच, दूध आणायला जायचं तरी अख्खं घर हलवा. ट्रेलर कॅम्पग्राउंडवर सोडता येतो आणि नुसता पिकअप घेऊन दिवसभर कुठेही भटकता येतं. या ट्रिपमध्ये ट्रेलरचा खरा फायदा तो सोडण्यात आहे, ओढण्यात नाही, आणि हे ज्यांना कळत नाही ते लोक हा एवढा डबा घेऊन नको त्या रस्त्यांवर जातात आणि अडकतात.

आकार लहान घ्या. दोघांना अठरा ते बावीस फुटी भरपूर झाला. मोठा घेतलात तर कॅम्पग्राउंडमधल्या जुन्या लहान जागांत मावत नाही.

वजनाचं गणित, हे समजून घ्याच

रिकाम्या ट्रेलरचं वजन बघून खूश होऊ नका. पाणी, गॅस सिलेंडर, सामान, किराणा भरल्यावर जे वजन होतं ते पिकअपच्या ओढायच्या क्षमतेच्या बऱ्यापैकी आत हवं. दुसरं म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा हिचवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडणीवर, पडणारा भार, त्याला टंग वेट म्हणतात, तो एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के लागतो. भरलेला ट्रेलर 2,000 किलोचा असेल तर 200 ते 300 किलो. सामान मागच्या बाजूला जास्त कोंबलं की हा भार कमी होतो आणि मग वेगात ट्रेलर मागे शेपटीसारखा डुलायला लागतो. जड सामान, डबे, पाण्याचे कॅन, हत्यारं, हे सगळं चाकांच्या जरा पुढे आणि खाली ठेवायचं.

तरीही डुलायला लागलाच तर करकचून ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंग फिरवून सरळ करायला जायचं नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं आणि डॅशबोर्डजवळ ब्रेक कंट्रोलर असतो त्याची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ती कळ कुठे आहे हे गाडी ताब्यात घेतानाच दोघांनीही दाबून बघा.

जोडायचं कसं

पिकअप मागे घेत हिचचा बॉल ट्रेलरच्या कपलरखाली, म्हणजे दांडीच्या टोकाच्या वाटीखाली, आणायचा, जॅक फिरवून कपलर बॉलवर बसवायचा, लॅच बंद करून पिन घालायची. आता लोक इथे थांबतात, तुम्ही थांबू नका. जॅक फिरवून दांडी परत थोडी वर उचला, ट्रेलरबरोबर पिकअपचं बूड उचललं जायला लागलं तर कपलर नीट बसलाय, नुसती दांडीच वर आली तर बसलेला नाही. मग दोन सेफ्टी चेन दांडीखालून एकमेकींना क्रॉस करून लावायच्या, ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार, लावायची, सात पिनांचा प्लग लावून एकाने आत बसून ब्रेक आणि इंडिकेटर दाबायचे, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. मग जॅकचा पाय जमिनीवरून पूर्ण वर उचलायचा. चाकांखालचे अडथळे सगळ्यात शेवटी काढायचे, आणि सोडताना ते सगळ्यात आधी लावायचे. हे उलटं झालं तर ट्रेलर आपापला चालू लागतो.

ही यादी कागदावर लिहून प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून ठेवा आणि रोज सकाळी एकाने वाचायची, दुसऱ्याने करायचं. पाठ झालंय म्हणून सोडू नका. मध्ये कोणी शेजारचा गप्पा मारायला आला तर, आणि तिकडे येतातच, गप्पा झाल्यावर यादी पहिल्यापासून. पहिल्या 80-100 किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पान्याने आवळायचे, हेही त्याच कागदावर लिहा.

रिव्हर्स

आमच्याकडे रिव्हर्स मी घेते आणि नवरा मागे उभा राहतो, कारण त्याला ओरडायला आवडतं आणि मला ऐकून सोडून द्यायला जमतं. युक्ती एवढीच आहे की स्टिअरिंग खालून धरायचं, म्हणजे हात ज्या बाजूला नेला त्या बाजूला ट्रेलरचं बूड जातं. अगदी थोडं थोडं फिरवायचं आणि वाकडं झालं की पुढे घेऊन परत सुरू करायचं, त्यात लाज कसली. कारखान्याच्या हंगामात दौंड-बारामतीकडे उसाच्या ट्रॉल्या मागे लावणारे ट्रॅक्टरवाले बघा पाच मिनिटं उभं राहून, दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळतं.

मागे उभं राहणाऱ्याने आरशात दिसेल असंच उभं राहायचं. "उजवीकडे" हा शब्द वापरायचाच नाही, कारण मग "अहो, तुमचं उजवं का माझं?" इथून सुरू होऊन ते भलतीकडेच जातं. ड्रायव्हरची बाजू आणि पॅसेंजरची बाजू असं म्हणायचं, आणि लक्षात ठेवा, तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. "थांब" म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये दोघांनीही एक-दोन तास सराव करा. आणि मिळेल तिथे पुल-थ्रू जागा मागा, म्हणजे एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, रिव्हर्सची भानगडच नाही.

गाडी घेतल्या घेतल्या उत्तरेला सुटू नका. पहिल्या दोन रात्री शहराच्या तासाभराच्या अंतरावर काढा. पंप चालत नाही, फ्रिज थंड होत नाही, हीटर पेटत नाही, असं जे काही असेल ते तिथेच कळतं आणि परत जाऊन दुरुस्त करून घेता येतं. अलास्का हायवेवरच्या फोर्ट नेल्सनच्या पुढे गेल्यावर कळून काय उपयोग.

घाण पाणी

ट्रेलरला तीन टाक्या असतात, चांगलं पाणी, अंघोळ-भांड्यांचं पाणी आणि संडासची टाकी. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी संडासची टाकी सोडायची, मग अंघोळीच्या पाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. हातमोजे वेगळे ठेवा. संडासच्या टाकीचा व्हॉल्व्ह कॅम्पवर उघडा ठेवायचा नाही, पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत वाळून बसतं, पुढचं वर्णन करत नाही. हे काम आलटून पालटून करायचं हे पुण्यातूनच ठरवून निघा.

किराणा आणि फोडणी

पुण्याहून तांदूळ, डाळी, पोहे बांधून नेऊ नका, धान्य-कडधान्यावर तिकडे किडीमुळे कडक नियम आहेत. मसाल्याची पाकिटं नेलीत तरी जे आहे ते सगळं फॉर्मवर डिक्लेअर करा. एडमंटन, कॅलगरी किंवा व्हँकुव्हरजवळच्या सरेमध्ये देशी दुकानात ज्वारीच्या पिठापासून सगळं मिळतं, तिथेच भरून घ्या. पुढे व्हाइटहॉर्सला मोठी सुपरमार्केट आहेत, मधल्या गावांत मोजकं आणि महाग. अलास्कात शिरायच्या आधी फळं, भाज्या, अंडी संपवून टाका म्हणजे बॉर्डरवर वाद नाही.

कुकर न्या. मिक्सर नेऊ नका, तिकडची वीज 120 व्होल्टची, आपला फिरणार नाही. शेगडी गॅसवरच असते म्हणून पिठलं-भात आरामात होतो, पण फोडणी ट्रेलरच्या आत करायची नाही. हिंग-मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या की छतावरचा स्मोक अलार्म असा किंचाळतो की शेजारचे तीन तंबू जागे. छोटी एक बर्नरची शेगडी बाहेर टेबलावर ठेवून फोडणी बाहेर करा, खिडक्या बंद ठेवा, आणि झाल्यावर कढई, तेलाची बाटली, उष्टी ताटं सगळं लगेच आत. अस्वलाला कांद्याच्या फोडणीचा वास आपल्यापेक्षा कितीतरी लांबून येतो. खोबरेल तेल आणि टूथपेस्टसुद्धा बाहेर ठेवायची नाही.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, विमानात चालत नाही म्हणून तिकडे पोचल्यावर विकत घ्या, आणि सॅकच्या तळाशी नाही तर कमरेला लावा. पायवाटेवर मोठमोठ्याने बोलत चालायचं असतं म्हणजे अस्वल दचकत नाही, आणि हे एक काम आपल्याला शिकवावं लागत नाही.

रस्त्यावर

दिवसाला 300 किलोमीटर पुरे. समृद्धीवरून नागपूर एका दमात मारणाऱ्यांना हे हास्यास्पद वाटेल, वाटू दे. वेग 90 च्या आत ठेवा. पेट्रोल नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट लागतं असं धरा आणि टाकी अर्धी झाली की जो पंप दिसेल तिथे भरा, पुढच्या गावात स्वस्त मिळेल म्हणून थांबू नका कारण पुढचा पंप बंदही असू शकतो. नोझलच्या रंगावर विसंबू नका, आपल्याकडचे रंग तिकडे लागू नाहीत, डिझेल का गॅस ते वाचून भरा, आणि तिकडे गॅस म्हणजे पेट्रोल. भरताना ट्रेलरमधल्या फ्रिजचा गॅस बंद.

उतारावर आपला घाटातला नियम चालतो, ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं. ऑटोमॅटिकला ओझं ओढताना वापरायचा टो-हॉल मोड असतो तो चालू ठेवा. सगळ्यात उंच जागा ब्रिटिश कोलंबियातली समिट लेकची खिंड, 1,295 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी कमीच. घाबरायचं ते घाटाला नाही, सपाट रस्त्याला. व्हाइटहॉर्सच्या पुढचं डिस्ट्रक्शन बे गाव ते अलास्काची बॉर्डर या टप्प्यात रस्त्याखालची जमीन कायम गोठलेली आहे, ती जागोजागी वितळते, खचते, फुगते आणि डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. लांबून दिसत नाही. कडेला छोटे नारिंगी झेंडे दिसले की वेग निम्म्यावर आणा, नाहीतर आतली सगळी कपाटं उघडून डाळ-साखर एक झालेली सापडते. दुरुस्तीच्या ठिकाणी झेंडेवाला थांबवतो, मग पायलट गाडी येते आणि तिच्या मागून सगळ्यांनी जायचं. अर्धा तास जातो, हॉर्न कोणी वाजवत नाही, तुम्हीही वाजवू नका.

मोबाइलला तासनतास रेंज नसते. मॅप ऑफलाइन उतरवून घ्या आणि सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसतानाही उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, भाड्याने घ्या, बीपी-शुगरच्या गोळ्या असणाऱ्यांनी तर नक्कीच.

मुक्काम कुठे

डॉसन क्रीक, फोर्ट नेल्सन, मंचो लेक, लिअर्ड, वॉटसन लेक, टेस्लिन, व्हाइटहॉर्स असा क्रम ठेवा. लिअर्ड रिव्हर हॉट स्प्रिंग्जला दोन रात्री राहाच. जंगलातून लाकडी वाट जाते आणि शेवटी गरम पाण्याचं कुंड, वरच्या टोकाला इतकं कडकडीत की पाय टाकवत नाही आणि खाली सरकत सरकत आपल्याला सोसेल ती जागा शोधायची. याच भागात रानगवे म्हणजे बायसन रस्त्यावर आडवे बसलेले असतात, फोटो गाडीतूनच.

वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल आहे. 1942 मध्ये रस्त्यावर कामाला असलेल्या एका सैनिकाला घरची आठवण आली म्हणून त्याने आपल्या गावाची पाटी ठोकली, तेव्हापासून येणारा प्रत्येक जण ठोकतोय. पुण्यातल्या नंबर प्लेटवाल्याकडून तुमच्या पेठेची नाहीतर सोसायटीची छोटी पाटी करून घ्या, हातोडी-खिळे ट्रेलरमध्ये असतातच. मजकूर पुणेरी ठेवायचा का नाही ते तुमचं तुम्ही बघा.

युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर जळाऊ लाकूड फुकट मिळतं पण वीज-पाण्याची जोडणी नसते. पैसे लिफाफ्यात घालून पेटीत टाकायचे, म्हणून सुट्टे डॉलर ठेवा. हीटरचा पंखा रात्रभरात बॅटरी संपवतो, दोन दुलया जास्त घ्या.

ट्रेलर सोडून पुढे

व्हाइटहॉर्सहून डॉसन सिटी साधारण 530 किलोमीटर, हे ते 1896 नंतरच्या सोन्याच्या धावपळीचं गाव, डॉसन क्रीक वेगळं, गल्लत करू नका. ट्रेलर डॉसन सिटीतच पैसे भरून कॅम्पग्राउंडवर ठेवा. गावाच्या साधारण 40 किलोमीटर अलीकडून डेम्पस्टर हायवे सुटतो, साधारण 740 किलोमीटर कच्चा, इनुविकपर्यंत. पहिला पंप 369 किलोमीटरवर ईगल प्लेन्सला, आर्क्टिक सर्कल 405 वर, पुढे दोन नद्या फेरीने ओलांडायच्या. धारदार खडी आहे, दोन स्टेपन्या लागतात. यावर ट्रेलर नेणारे लोक आहेत, मी नेणार नाही आणि तुम्हालाही न्या म्हणणार नाही. करारात परवानगी असेल तर नुसता पिकअप घेऊन जा, हॉटेलात राहा. नसेल तर इनुविकला विमान जातं. आणि एवढं करायचंच नसेल तर डेम्पस्टरवर 71 किलोमीटर आत टॉम्बस्टोन पार्क आहे, परवानगी असेल तर एका दिवसात जाऊन येता येतं, तिथला टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला थंड माळ, बघून बऱ्याच जणांचं समाधान होतं.

कधी

जून-जुलैत उजेडच उजेड, इनुविकला तर जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, खिडक्यांना लावायला काळं कापड आणि चिकटपट्टी न्या. पण डास भयंकर, स्प्रे तिथलाच घ्या आणि डोक्यावर घालायची जाळी. ऑगस्ट मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत डास कमी, टुंड्रा लाल-पिवळा, रात्री अंधार पडायला लागतो म्हणून ऑरोरा, म्हणजे आकाशातले रंगीत प्रकाश, दिसायची शक्यता. मी हाच काळ सांगेन, पण मग काही वर्षी गणपती बुडतात, आणि पुण्यात हा प्रश्न मी सोडवू शकत नाही. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा असतो त्यांनी भावाकडे सोपवून निघावं. सप्टेंबर मध्यानंतर मात्र पाण्याचे पाइप गोठायला लागतात, तेव्हा दक्षिणेला वळलेलं बरं.

परत देताना

टाक्या रिकाम्या करून, आतून पुसून, चिखल धुवून द्या, धुण्याचे वेगळे पैसे लावतात. घेताना प्रत्येक बाजूचा, छताचा, टायरचा, काचेचा व्हिडिओ काढलेला असतो ना, तसाच देतानाही काढा, मालकाला समोर उभं करून. उरलेला बेअर स्प्रे विमानतळावर नेऊ नका, कॅम्पग्राउंडवर उत्तरेला निघालेल्या कोणाला तरी देऊन टाका. आणि डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत ते व्हिडिओ फोनमधून उडवू नका.